आल्टनर की ब्रेंटा

बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवला, माझं पिस्तूल टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी त्रिशलाचं ठेवलं आणि इंगवले सरांना म्हणाले, "सर, तुम्ही फौजेत तीस वर्षं काढलीत. आता निःपक्षपातीपणे सांगा, ही दोन एक आहेत?"

इंगवले सरांनी बघितल्यासारखं केलं. ते आमच्या क्लबचे कोच, निवृत्त सुभेदार. या वादात त्यांनी सात वर्षांत एकदाही बाजू घेतली नव्हती. "दोन्हींतनं छर्रा पुढंच जातोय डॉक्टर," एवढं म्हणून ते टार्गेटचे कागद मोजायला उठले.

सांगलीच्या मार्केट यार्डामागे हळदीचं एक जुनं गोडाऊन होतं, तिथे आमची दहा मीटरची रेंज. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, आणि हळद जाऊन वीस वर्षं झाली तरी दमट दिवसांत भिंतींना तिचा वास यायचा. दर रविवारी सराव संपला की मोठी माणसं लाकडी टेबलाभोवती बसायची आणि पिस्तुलांच्या नावांवरून भांडायची. स्वतःचे नेम कसे लागले यावर फारसं कोणी बोलत नसे. बोलण्यासारखं नसायचंच काही.

माझं पिस्तूल आल्टनर, त्रिशलाचं ब्रेंटा. दोन्ही हवेच्या दाबावर चालणारी, स्पर्धेची पिस्तुलं. नळीच्या खाली वीतभर लांबीचा सिलिंडर असतो, त्यात हवा भरायची आणि तो आट्यांवर फिरवून पिस्तुलाला बसवायचा. छापलेलं नाव आणि मुठीच्या लाकडाचा रंग सोडला तर दोघांत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. ब्रेंटावाले म्हणायचे की कारखाना एकच आहे, माल एकच आहे, दोन देशांत दोन नावांनी विकतात. आल्टनरवाल्यांना हे ऐकवत नसे.

आमच्याकडे आल्टनरवाले म्हणजे माझे बाबा, डॉक्टर विद्याधर सोहनी. दातांचे डॉक्टर, हौशी नेमबाज, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याला आ वासूनच बसावं लागेल असे. ब्रेंटावाले म्हणजे त्रिशलाचे वडील, भूपाल मगदूम. साखर कारखान्यात फिटर. बाबांपेक्षा दहा पॉइंट चांगले मारायचे, पण ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. मी त्यांना भूपालकाका म्हणायची.

"दात आणि कवळी लांबून सारखीच दिसतात मगदूम," बाबा म्हणाले. "चणे खाताना कळतं."

"आमच्या कारखान्यात साखर एकच निघती डॉक्टर. व्यापारी आपापल्या छापाची पोती भरून न्हेत्यात. च्या तेवढाच गोड हुतो."

"सिद्ध करा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

"करतो की. तुमचा सिलिंडर हिकडं द्या, ह्याला लावतो. आटे धरले की कारखाना एक."

इथे येऊन वाद दर रविवारी अडायचा. बाबा आपल्या आल्टनरला परका सिलिंडर लावू देत नसत. दोनशे बारचा दाब असतो, उद्या फुटला तर हात कोणाचा जाईल, असं म्हणून ते पिस्तूल पेटीत ठेवायचे आणि पेटीला कुलूप लावायचे. पिस्तूल माझं होतं, पण किल्ली त्यांच्या खिशात असायची.

त्रिशला आणि मी या भांडणाला हसायचो. निदान मी तरी हसायची. तिला ते लागत होतं हे मला उशिरा कळलं. तिचं पिस्तूल पुण्याच्या कोणा नेमबाजाकडून जुनं घेतलेलं. येणारा जाणारा त्याच्यावरचं नाव वाचायचा आणि म्हणायचा, अच्छा, म्हणजे आल्टनर नाही का हे? ब्रेंटा हे नाव सिलिंडरवरही ठसठशीत छापलेलं होतं. एकदा ती फारच हिरमुसली तेव्हा मी गमतीत म्हणाले, "पट्टी लाव त्याच्यावर. नाव झाकलं की आल्टनरच ते." तिने ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी सिलिंडरला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, भूपालकाकांच्या हातची, एकही सुरकुती नसलेली.

मी गमती फार करायची त्या काळात. गमती करायला मला परवडायचं.

त्रिशला माझ्यापेक्षा सरस होती, यात वाद नव्हता. चाळीस छर्रे, चारशेपैकी गुण. ती तीनशे अडुसष्टच्या आसपास असायची, मी तीनशे साठच्या. त्या वर्षी आम्ही दोघीही ज्युनिअरच्या शेवटच्या वर्षात होतो. राज्य स्पर्धेत पहिल्या सहा जणी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. तिला ते प्रमाणपत्र हवं होतं, कारण त्याच्यावर खेळाडूंच्या राखीव जागेतून वनखात्याच्या भरतीला अर्ज करता येणार होता. घरी तिने शब्द घेतला होता, की हे वर्ष द्या, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल त्या घरी जाते. भूपालकाकांनी बायकोचं, भावांचं, सगळ्यांचं ऐकून घेऊन तिला ते वर्ष दिलं होतं.

मला काय हवं होतं? मला नोकरी नको होती, लग्नाची घाई नव्हती. दंतवैद्यकाला प्रवेश मिळालेला होता. मला फक्त एकदा तिच्या पुढे यायचं होतं. एवढी हलकी गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण तेवढीच होती.

राज्य स्पर्धा पुण्याला, नोव्हेंबरात. गळीत हंगाम सुरू झालेला, भूपालकाकांना सुट्टी मिळेना. बाबांच्या दवाखान्यात गर्दी. इंगवले सर आम्हा दोघींना घेऊन गेले. जाताना भूपालकाका स्टँडवर आले होते. त्यांनी मला सांगितलं, "हिच्याकडं लक्ष असू दे बाळ. मॅचच्या आधी जेवत न्हाई ही."

सकाळी दहाला आमची पाळी होती. त्याआधी प्रत्येक पिस्तुलाची तपासणी होते. ट्रिगरचं वजन बघतात, पिस्तूल ठरलेल्या पेटीत मावतं का बघतात, मग त्यावर स्टिकर लावतात. माझं झालं. माझ्या मागे त्रिशला उभी होती. तपासणीला बसलेले गृहस्थ शांत, चष्मेवाले होते. त्यांनी तिचं पिस्तूल फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ही टेप का लावलीय?"

ती म्हणाली, "अशीच, सर."

त्यांनी नखाने टेपचं टोक सोडवलं आणि सावकाश उलगडली. खाली ब्रेंटाचं नाव निघालं. त्याच्या खाली बारीक आकडे होते. ते त्यांनी चष्मा वर करून वाचले.

सिलिंडरला मुदत असते. दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही, कारण आतल्या दाबाने तो कधी दगा देईल सांगता येत नाही. हे आम्हाला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. पण सात वर्षं आमच्या क्लबात सगळ्यांनी त्या सिलिंडरवरचं नाव वाचलं आणि नावाखालची तारीख एकानेही वाचली नाही. मग नावच झाकलं, त्याबरोबर तारीखही झाकली गेली. तिची मुदत ऑक्टोबरात संपली होती.

"हा लावून खेळता येणार नाही," गृहस्थ म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दुसरा आहे?"

त्रिशलाकडे दुसरा नव्हता.

"दुसऱ्या कोणाचा बसत असेल तर लावून आण. तारीख चालू असली की मी पास करतो. वीस मिनिटं आहेत."

ती माझ्याकडे वळली. माझ्या पेटीत एक जादा सिलिंडर होता, कोरा, बाबांनी खास त्या स्पर्धेसाठी मागवलेला. तो मला लागणार नव्हता. पिस्तुलाला जो लावलेला होता त्यातच दोन सामने निघाले असते. तिला हे सगळं माहीत होतं.

"शाल्मली," ती म्हणाली, "तुझा बसेल का गं?"

मी म्हणाले, "नाही बसत."

तिने काही म्हणायच्या आत मी पुढे म्हणाले, "मी एकदा लावून बघितलाय. आटे धरत नाहीत. जबरदस्ती केली तर फुटेल."

हे मी सहज बोलले. मला वाटलं होतं खोटं बोलताना माणसाचा आवाज कापतो. माझा कापला नाही.

तो बसत होता. मला माहीत होतं बसतो ते, कारण मी खरोखरच बघितलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या पिस्तुलातून हवा गळायला लागली होती. बाबा परिषदेसाठी बंगलोरला गेलेले, किल्ली कपाटात सापडली. मी पिस्तूल घेऊन गुपचूप कारखान्याच्या कॉलनीत भूपालकाकांच्या घरी गेले. त्रिशला आजोळी होती. काकांनी ओट्यावर जुनी चादर अंथरली, पिस्तूल खोललं, आतली रबराची रिंग कापली गेल्याचं दाखवलं. गळती पिस्तुलात आहे की सिलिंडरमध्ये हे ठरवायला त्यांनी ब्रेंटाचा सिलिंडर आणून माझ्या आल्टनरला लावला. तो दोन बोटांनी फिरत गेला आणि गच्च बसला. मग माझा ब्रेंटाला लावला. तोही तसाच बसला. काका एकटेच हसले. म्हणाले, "सात वर्सांचं भांडण चार आट्यांत मिटलं की गं."

मी त्यांच्यापुढे हात जोडले. बाबांना कळलं की मी पिस्तूल परस्पर उघडायला दिलं, तर खैर नव्हती. शिवाय क्लबात चारचौघांत त्यांचं हसं झालं असतं. काका म्हणाले, "माझ्या तोंडातनं जायचं न्हाई." मी म्हणाले, त्रिशलालाही नको, तिच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी आधी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, "बरं. पोरीलाबी न्हाई."

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी बाबा त्यांना डिवचत राहिले आणि ते पोत्यांच्या आणि साखरेच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेत राहिले. पुरावा त्यांच्या हातात होता आणि माझ्यासाठी त्यांनी तो काढला नाही.

तर त्रिशलाने माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवणारच. ती धावत सरांकडे गेली, सर धावत इतर जिल्ह्यांच्या मुलींकडे गेले. नागपूरच्या एकीकडे ब्रेंटा होतं, पण तिच्याकडेही एकच सिलिंडर आणि तीही याच पाळीत. शेवटी आयोजकांनी त्यांच्याकडचं एक पिस्तूल दिलं. त्याची मूठ पुरुषी हाताची. त्रिशलाचा अंगठा त्यात नीट पोचत नव्हता. नेमबाजीत मूठ आपल्या हाताची नसली की दुसऱ्याच्या चपला घालून शर्यत पळायची.

तिची लेन माझ्या शेजारची होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण दर छर्ऱ्यानंतर ती मूठ सोडवून पुन्हा धरत होती, त्याचा आवाज मला येत होता. पहिल्या दहा छर्ऱ्यांनंतर तिने पिस्तूल खाली ठेवलं, हात पँटला पुसला आणि पुन्हा उचललं. तिने मध्येच सोडून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती शेवटचा छर्रा होईपर्यंत उभी राहिली. तिचे तीनशे एकेचाळीस झाले.

माझे तीनशे एकसष्ट. मी सहावी आले. सातव्या मुलीचे तीनशे साठ होते.

परतीच्या एसटीत त्रिशला खिडकीशी बसली. कराड मागे पडलं. मग म्हणाली, "तू जाशील ना नॅशनलला, नीट खेळ." मला वाटलं होतं ती रडेल. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. काकांनी सांगितलं होतं, आणि मी विसरले होते.

पुढचा रविवार आला. बाबांनी पेढे आणले होते. ते वाटतच त्यांनी विषय काढला, मला माहीतच होतं ते काढणार. "बघितलंत ना मगदूम? शेवटी नाव नाव असतं. आमच्याकडे कोरा सिलिंडर होता, द्यायलाही पोरगी तयार होती. पण बसला का? आटेच धरले नाहीत. शाल्मलीने आधीच लावून बघितलं होतं. काय गं?"

मी मान हलवली. मी पिस्तूल उघडलं होतं याचाही बाबांना आता राग नव्हता. त्यांना जिंकल्याचा आनंद होता.

भूपालकाका टेबलाच्या पलीकडे बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. त्रिशलाने घरी जाऊन त्यांना काय सांगितलं असेल ते मला त्या बघण्यात कळलं. शाल्मली म्हणाली बसत नाही, हेच सांगितलं असणार. आणि ते ऐकून ओट्यावरची ती चादर त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार.

इंगवले सरांना काय सुचलं कोण जाणे. सात वर्षांत पहिल्यांदा ते वादात पडले. म्हणाले, "डॉक्टर, आता एवढं झालंच आहे तर लावून बघूया. दोन्ही हितंच हायती. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

बाबा खुशीत होते. आणि निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती, लेकीने सांगितलेलं होतं. त्यांनी स्वतः पेटीचं कुलूप काढलं, माझा कोरा सिलिंडर काढला आणि भूपालकाकांच्या हातात दिला. "घ्या. तुम्ही फिटर. तुमच्याच हाताने होऊ द्या."

टेबलाभोवती सगळे वाकले. त्रिशला बापाच्या खुर्चीमागे उभी होती. तिने ब्रेंटा आणून त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, चला, सुटले. आता बसेल, सगळ्यांना दिसेल, बाबा माझ्याकडे बघतील, त्रिशला बघेल, आणि हे संपेल. खरंच सांगते, त्या क्षणी तो बसावा असं मला वाटत होतं.

काकांनी चष्मा लावला. सिलिंडर उचलला, पिस्तुलाच्या तोंडाशी नेला. मे महिन्यात त्यांनी माझा जुना सिलिंडर सरळ धरला होता. आता त्यांनी हा थोडा तिरका धरला. बघणाऱ्याला कळणार नाही इतकाच. अर्धा वेढा फिरवला. आटा अडला, कुरकुरला. त्यांनी तो मागे घेतला आणि तसाच तिरका पुन्हा फिरवला. पुन्हा अडला. ज्या माणसाने तीस वर्षं डोळे मिटून नटबोल्ट बसवले, त्याने चारचौघांत वीतभर सिलिंडर बसत नाही असं करून दाखवलं.

"न्हाई धरत," ते म्हणाले. "तुमचंच खरं डॉक्टर. येगळी हायती दोन्ही."

बाबांनी टेबलावर थाप मारली. सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, मगदूम, सात वर्षं उगाच आमचे कान खाल्लेत. काकाही हसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, सिलिंडर पुसून बाबांना परत दिला आणि पेढा घेतला.

बरीच वर्षं मला वाटायचं की त्यांनी मला दिलेला शब्द पाळला. आता मला पोरगी आहे, आता तसं वाटत नाही. वर्ष तर गेलंच होतं, ते परत येणार नव्हतं. उरली होती एक मैत्रीण. तीही नव्हतीच, हे आपल्या पोरीला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःचा हात खोटा पाडला.

मी राष्ट्रीय स्पर्धेत एकशे बारावी आले. त्याचं प्रमाणपत्र आईने कुठे तरी ठेवलं आहे. त्रिशलाचं फेब्रुवारीत लग्न झालं, जयसिंगपूरला दिली. मी पुन्हा पिस्तूल हातात धरलं नाही. अभ्यास वाढलाय, असं बाबांना सांगितलं.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलं आहे. पेढे संपले, माणसं पांगली. मी बाहेर स्कूटीला किल्ली लावत होते. त्रिशला मागून आली. तिने माझा दंड धरला.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नकोस. पुण्यात मला एकदा असं वाटून गेलं होतं की तू मुद्दाम नाही म्हणालीस. मी पप्पांनाही तसं बोलले. ते मला खूप ओरडले. आणि आता तर सगळ्यांसमोर बघितलंच. मला माफ कर गं."

तिचे डोळे भरले होते. गोडाऊनच्या दारात भूपालकाका तिची पेटी घेऊन उभे होते आणि आमच्याकडे बघत नव्हते.

मी म्हणाले, "असू दे. मी मनावर घेतलं नाही."